नोकरी लागली, आधी तेवढं वाचा

टोरंटो,
१५ मार्च २०२६

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
सा. न. वि. वि.

नोकरी लागली. ऑफिसातली. पहिल्याच ओळीत लिहिलं, कारण आई एकदा डोळे पुसायला लागली की पुढचं बाबांनाच वाचून दाखवावं लागतं, आणि पुढे बरंच आहे.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी 'कायम आहे का?' म्हणून तिथेच अडवलं असतं. कायम नाही. एका कंपनीच्या पेरोल, म्हणजे पगारपत्रकं करणाऱ्या विभागातल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर चालल्यात, त्यांच्या जागी एक वर्षासाठी मला घेतलंय. इथे बाळ झालं की वर्ष-दीड वर्ष रजा घेता येते आणि परत आल्यावर जागा द्यावीच लागते. तेवढे दिवस खुर्ची रिकामी ठेवून चालत नाही, म्हणून नवख्या लोकांना आत शिरायला पुष्कळदा हीच फट मिळते. वर्षानंतर काय, हे तुम्ही विचारणार, माहीत आहे. तो प्रश्न मी स्वतःला रोज विचारते, तुम्ही थोडे दिवस सुट्टी घ्या.

शेजारच्या काकांचा मुलगा उतरल्या उतरल्या लागला, हे मान्य. तो आला २०२२ मध्ये. तेव्हा कॅनडात दहा लाखांच्या आसपास जागा रिकाम्या होत्या. मी शिकून बाहेर पडले तोवर सगळं उलटं झालं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये इथल्या १५ ते २४ वयाच्या मुलांमधली बेकारी १४.७ टक्क्यांवर गेली. करोनाचा काळ सोडला तर २०१० नंतर इतकी कधी नव्हती. यातली बहुतेक मुलं इथेच वाढलेली, आणि पहिल्या पायरीच्या जागांना त्यांचे अर्ज माझ्या अर्जाशेजारी पडायचे. मी कमी पडले असं आत्याला वाटत असेल तर तिला हा आकडा वाचून दाखवा.

'इथला अनुभव' नाही म्हणून नाकारतात का, असं बाबांनी विचारलं होतं. आमच्या ऑन्टारिओ प्रांतात १ जानेवारीपासून नियम आलाय: २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने जाहिरातीत कॅनडातला अनुभव मागायचा नाही, पगार छापायचा, जागा खरंच रिकामी आहे का ते सांगायचं, आणि मुलाखत घेतली तर ४५ दिवसांत काय ते कळवायचं. अनुभव आता जाहिरातीत मागत नाहीत, मुलाखतीत गोड आवाजात विचारतात. पण कळवायचा नियम चांगला. 'नाही' तर नाही, निदान वेळेत येतं.

आता कॉफी चॅट म्हणजे काय ते नीट सांगते, कारण दादाला वाटतं मी हॉटेलात बसून दिवस काढते. कितीतरी जागा जाहिरात निघायच्या आधीच आतल्या लोकांना कळलेल्या असतात, म्हणून आतला माणूस गाठायचा. गाठायची रीत अशी. लिंक्डइनवर एखादी अनोळखी व्यक्ती शोधायची, जी आपल्याला हवं ते काम करते. तिला चार ओळी लिहायच्या की तुमच्या कामाबद्दल जाणून घ्यायचंय, वीस मिनिटं द्याल का. बरेच जण उत्तर देत नाहीत, एखादा देतो. मग भेटायचं आणि नोकरी अजिबात मागायची नाही! नोकरीसाठीच आलोय हे आपल्याला ठाऊक, समोरच्यालाही ठाऊक, पण बोलायचं नाही. रेझ्युमे पिशवीत असतो, तो मागितल्याशिवाय बाहेर काढायचा नाही. प्रश्न सगळे त्यांच्याबद्दल: या कामात कसे आलात, दिवस कसा जातो, सॉफ्टवेअर कुठलं. वेळ संपली की आपणच उठायचं. त्याच दिवशी आभाराचा ईमेल, आणि त्यात त्यांनी सांगितलेली एक तरी गोष्ट परत लिहायची, म्हणजे आपण ऐकत होतो हे कळतं. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा दोन ओळी, तुम्ही सुचवलेला कोर्स केला म्हणून. आपल्याकडे कुणाची तरी ओळख सांगत साहेबाला भेटतात आणि पाचव्या मिनिटाला विषयावर येतात. खरं सांगू का, मला तेच जास्त सरळ वाटतं.

ही नोकरी मात्र अशीच मिळाली. एक पेरोल मॅनेजर भेटायला आल्या. मी पोचायच्या आत स्वतःची कॉफी घेऊन बसल्या होत्या, कपाचं झाकणही उघडलेलं नाही, डोळे घड्याळाकडे. मी विचारलं, तुमचा वर्षातला सगळ्यात वाईट आठवडा कुठला? त्या हसल्या आणि झाकण काढलं. म्हणाल्या, फेब्रुवारीचा शेवटचा. महिनाअखेरपर्यंत सगळ्यांच्या टी-फोर स्लिपा, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारे कागद, द्यायच्या असतात, त्यात कुणाचा पत्ता चुकलेला, कुणाचं आडनाव बदललेलं. मी म्हटलं, आमच्याकडे फॉर्म १६ चं असंच, बाबांच्या ऑफिसात जूनमध्ये लोक भांडायला यायचे. वीस मिनिटं कधीच उलटून गेली. पुढे या जागेची जाहिरात निघायच्या आधी त्यांचा ईमेल आला. म्हणजे बाबा, तुमचा वशिला लागलाच म्हणायचा.

आधी अकाउंट्समध्ये कारकुनाची जागा मिळत होती ती का सोडली, हे आई अजून विचारते. आई, इथे सरकारने कामांच्या ० ते ५ अशा पायऱ्या केल्यात. पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याच्या, ज्या रांगेत मी आहे तिथे ० ते ३ मधलाच अनुभव धरतात, तोही पूर्ण एका वर्षाचा. अकाउंट्समधला कारकून चौथ्या पायरीवर, पगारपत्रकं करणारा तिसऱ्या. टेबल तेच, कॉम्प्युटर तोच. दुकानातलं माझं आत्तापर्यंतचं काम तर हिशोबातच नाही. म्हणून थांबले. नखरे नव्हते ते.

तब्येत छान आहे. थंडी संपत आली. आम्ही मुली वरच्या मजल्यावर राहतो, तळघरात नाही; आत्याला कुणी काय सांगितलं ते मला माहीत नाही.

पैशाचं. कर्जाचे हप्ते बाबांच्या पेन्शनमधून जातात हे डोक्यातून जात नाही. ३० मार्चला रुजू होते, पगार दर दोन आठवड्यांनी, पहिला एप्रिलच्या मध्याला. त्या महिन्यापासून हप्ता माझा. पहिले दोन महिने निम्माच जमेल, राग मानू नका. एफडी मोडू नका. मोडली असेल तर सांगा, लपवू नका.

आई, तू पाठवलेलं स्थळ वाचलं. मुलाला माझ्या पीआरची तारीख हवी आहे, ती मलाही हवी आहे. बायोडाटा पाठवते, पण जूननंतर. इथे रेझ्युमेवर फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, यातलं काहीच घालत नाहीत. त्याची इतकी सवय झालीय की तुझ्या फॉर्ममधला 'वर्ण' हा रकाना बघून आधी हसले आणि मग चिडले.

आणि दादाच्या लग्नाला मला येता येणार नाही. हे लिहायला सगळ्यात शेवटी ठेवलं. नियमाने पगारी रजा वर्ष भरल्यावर दोन आठवडे मिळते. बिनपगारी मागता आली असती, पण पासपोर्टावरचा व्हिसा संपलाय. वर्क परमिटवर इथे राहता येतं, बाहेर गेलं की परत यायला नवा व्हिसा लागतो, आणि तो वेळेत आला नाही तर ही खुर्ची दुसऱ्या कुणाची. दादाने माझ्या फीसाठी त्याची गाडी घ्यायची पुढे ढकलली होती, मला आठवतं. तिकिटाचे साठवलेले पैसे त्याला पाठवते आहे, आहेर म्हणून नाही, जिथे कमी पडतील तिथे घाला. बाराच्या मुहूर्ताला इथे रात्रीचे अडीच वाजलेले असतील, मी साडी नेसून बसणार आहे. फोन मामाच्या धाकट्याकडे द्या, त्याचा हात हलत नाही.

तुमची,
मनू

ता. क. दादाला मी आज रात्री स्वतः फोन करते, तोपर्यंत त्याला काही बोलू नका. त्याच्या सासरी कुणी विचारलं तर 'नवी नोकरी, रजा मिळाली नाही' एवढंच सांगा. व्हिसाचं बोलू नका, लोक भलताच अर्थ काढतात.