तो सेजब्रश नाहीये!

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या वाळवंटांवरचा लेख आवडला, पण त्यातल्या फोटोखाली 'सेजब्रश' छापलंय ते साफ चुकलंय. ते झुडूप सॉल्टबुश आहे, नीट सांगायचं तर फोर-विंग सॉल्टबुश, शास्त्रीय नाव ॲट्रिप्लेक्स कॅनेसेन्स. मुलीकडे न्यू मेक्सिकोत होतो तेव्हा सकाळच्या फिरण्याच्या वाटेवर हीच झुडपं होती आणि पहिले पंधरा दिवस मीही त्यांना सेजब्रशच म्हणत होतो, लांबून दोन्ही सारखीच करडी दिसतात ना.

फोटोत फांद्यांना घोस लटकलेत ते जरा भिंग लावून बघा, प्रत्येक फळाला कागदासारखे चार पंख आहेत. सेजब्रशला असलं काही येतच नाही. आता पंख दिसले नाहीत म्हणजे सॉल्टबुश नाही असंही नाही हां, कारण यात नर आणि मादी झुडपं बहुतेक वेगवेगळी असतात आणि फळं धरतात ती मादीलाच, मी फसलो तो इथेच. मग पान बघायचं. सेजब्रशच्या पानाला टोकाशी तीन दाते असतात आणि चुरगळलं की उग्र वास सुटतो, सॉल्टबुशचं पान अरुंद, कडा सरळ आणि वर पीठ भुरभुरल्यासारखा थर. तो थर म्हणजे अगदी बारीक फुगे, मुळांवाटे आलेलं जास्तीचं मीठ पान त्यांच्यात नेऊन टाकतं, म्हणून तर खारवट जमिनीत हे झुडूप मजेत जगतं. पान चाखलं तर खारट लागतं (ओळख पक्की झाल्याशिवाय कुणी चाखू नका, मी चाखलं ते मुलीने बघितलं नाही म्हणून निभावलं).

आणि लेखातच 'खारट मातीत वाढणारं' असं लिहिलंय, तिथेच शंका यायला हवी होती, सेजब्रशला फार खारट माती मानवत नाही.

तसं याच्या बाबतीत जाणकारही चुकलेत. पर्श नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाने आधी याला कॅलिगोनम या भलत्याच वंशात घातलं होतं, १८१८ मध्ये नटॉलने ते ॲट्रिप्लेक्समध्ये आणलं, म्हणजे आपल्या चंदनबटव्याच्या भावकीत. तेव्हा राग नाही, फक्त पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा, मुलं असले फोटो कापून प्रोजेक्टच्या वहीत चिकटवतात.

– एक नियमित वाचक