कार्यशाळा बघा, मग विषयावर खूण करा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की नववीत जाणाऱ्या मुलांच्या पालकांपुढे विषय निवडीचा फॉर्म येतो. ज्या शाळांत व्यवसाय शिक्षण सुरू आहे तिथे एखाद्या भाषेच्या जागी मल्टी स्किल, ऑटोमोबाइल, आयटी, रिटेल, हेल्थ केअर, ब्युटी अँड वेलनेस, शेती यांपैकी एखादा विषय घेता येतो. पालक विषयाचे नाव वाचतात, शेजारच्या मुलाने काय घेतले ते विचारतात आणि खूण करून टाकतात. खरे तर एकाच नावाचा विषय एका शाळेत हाताला काम शिकवतो आणि दुसऱ्या शाळेत नुसती वही भरून घेतो. हा फरक फॉर्मवर कळत नाही, कार्यशाळेत गेल्यावर दहा मिनिटांत कळतो. कशावरून ओळखायचे, ते सांगण्यासाठी हे पत्र.

आधी नियमांचे थोडक्यात. नववीत घेतलेला विषय दहावीतही चालू ठेवायचा असतो, तेव्हा निवड दोन वर्षांची आहे असेच समजावे. हा विषय घेतला म्हणून अकरावी सायन्सचे किंवा पॉलिटेक्निकचे दार बंद होत नाही. ही भीती अनेक घरांत आहे आणि ती निराधार आहे. दहावीनंतर आयटीआयला फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. अकरावी-बारावीत द्विलक्षी (बायफोकल) व्यवसाय विषय २०० गुणांचा असतो आणि त्यासाठी दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय सोडावा लागतो. सायन्सची बहुतेक मुले जीवशास्त्र सोडतात. मेडिकलचा विचार मनात असेल तर हे आधीच बघावे, बारावीच्या दिवाळीत नव्हे.

आता कार्यशाळा. पहिली गोष्ट वेळापत्रक. ३५ मिनिटांच्या एकट्या तासिकेत प्रात्यक्षिक होत नाही. जोडतासिका दिली तरी ७० मिनिटांतली पंधरा मिनिटे हत्यारे वाटण्यात, मोजून परत घेण्यात आणि झाडलोटीत जातात. उरली ५५. वर्गात ३० मुले आणि शिलाईची सहा मशीन असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ११ मिनिटे येतात. तेवढ्यात दोरा ओवून होतो, फार तर दोन टिपा पडतात. १५-१५ च्या दोन तुकड्या केल्या, एक मशीनवर आणि दुसरी मापे-आखणी-कापणीवर ठेवली, की मशीनवरच्या तुकडीत हीच वेळ २२ मिनिटे होते. यासाठी जास्तीचा पैसा लागत नाही, फक्त वेळापत्रक बनवणाऱ्याने मनावर घ्यावे लागते. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी आठवी ते दहावीसाठी जो मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम उभा केला, त्यात आठवड्याचा एक पूर्ण दिवस हाताच्या कामाला होता. कार्यशाळा, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन असे त्याचे चार भाग. आजचा मल्टी स्किल त्याच वळणावर बेतला आहे. विषय घेतला पण तो दिवस घेतला नाही, तर अभ्यासक्रमाचा जीवच जातो.

सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत, तरी शिलाईचे शिक्षण शाळांत अजून पायमशीनवर फ्रॉक शिवण्यापाशी अडकलेले दिसते. कारखान्यात चालते ते पॉवर मशीन, म्हणजे ज्याला सगळे जुकी म्हणतात ते. त्याचा वेग अंगावर येतो, म्हणून पहिले काही तास दोरा न ओवता रेघी वहीच्या कागदावर नुसती सुई चालवून घ्यावी. आधी सरळ रेघ, मग चौकोनाचा कोपरा, मग गोल. कोपऱ्यावर सुई कागदात रुतलेली ठेवून दाब (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) उचलायचा आणि कागद फिरवायचा, एवढे जमले की पाय ताब्यात आला म्हणायचे. मग कात्रणाच्या दोन थरांवर अर्धा इंच शिलाईवाव, म्हणजे कडेपासून सोडलेली जागा, धरून टिप. गणवेशाच्या कापडाला १४ नंबरची सुई आणि इंचाला दहा ते बारा टाके ठीक बसतात. टाके पट्टी लावून मोजायला लावावेत, अंदाजाने नको.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक नवशिक्याकडून होते. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी होते आणि मूल बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या डबीचा, स्क्रू पिळू लागते. खाली गुंता दिसतो म्हणून दोष खालचाच, असे त्याला वाटते. वस्तुतः वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो किंवा वरचे टेन्शन ढिले असते, म्हणून तो खाली ओढला जातो. दाब उचलून दोरा पुन्हा ओवला की बहुतेक वेळा जाळी थांबते. एकदा का बॉबिनचा स्क्रू हलला, की पुढच्या तीन मुलांचे मशीन बिघडलेले. टाके सुटत असतील तर आधी सुई बघावी. तिची लांब खाच डाव्या हाताला हवी आणि दोरा डावीकडून उजवीकडे ओवायचा. मशीनवर बसण्यापूर्वी वेणी वर बांधलेली आणि ओढणी खोचलेली असलीच पाहिजे, आणि सुईपुढची बोटसंरक्षक तार कुणी काढून ठेवली असेल तर ते मशीन बंद ठेवावे.

हा विषय मुलींचा आणि वायरिंग मुलांचे, ही वाटणी मात्र शाळांनी तातडीने सोडावी. शहरातल्या कारखान्यांत कटिंग मास्तर बहुतांशी पुरुष आहेत, आणि घरातला उडालेला फ्यूज मुलीने बदलायला कुणाची हरकत असायचे कारण नाही.

वायरिंगच्या प्रात्यक्षिकात बघायची पहिली वस्तू म्हणजे सिरीज बोर्ड. मुलाने जोडलेले सर्किट थेट मेनवर लावायचे नाही. मध्ये मालिकेत १०० किंवा २०० वॅटचा तारेचा जुना बल्ब असतो. त्याच्या जागी एलईडी लावून हे काम होत नाही. सर्किटमध्ये शॉर्ट असेल तर तो बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटतो, फ्यूज उडत नाही, ठिणगी उडत नाही. जोडणी ठीक असेल आणि भार लागला असेल तर मंद पेटतो. पेटलाच नाही तर कुठेतरी तार सुटली आहे. एवढ्या एका बोर्डाने मुलांची भीती आणि शाळेची जोखीम दोन्ही कमी होतात. टेबलाच्या पुरवठ्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा आणि त्याचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून बघायला हवे.

लाइटच्या पॉइंटला दीड स्क्वेअर एमएमची तार, १६ अँपिअरच्या सॉकेटला त्याहून जाड, हे मुलांना पाठ असते. चुकते ते टोकाशी. तार सोलताना चाकू खोल जातो आणि आतल्या दोन-तीन तारा तुटतात, किंवा इन्सुलेशन जास्त सोलल्याने उघडे तांबे स्क्रूच्या बाहेर राहते. स्क्रू ढिला राहिला तर तोच सांधा पुढे तापतो, काळा पडतो, सॉकेट वितळते. दुसरी मोठी चूक न्यूट्रलवर स्विच बसवण्याची. दिवा लागतो आणि विझतो, म्हणून सगळे बरोबर वाटते, पण स्विच बंद असूनही होल्डरपर्यंत फेज पोचलेला असतो. घरात स्विच बंद केल्यावरही एलईडी मंद मिणमिणत असेल तर हे झालेले असू शकते. प्रत्येक मुलाच्या बोर्डावर स्विच बंद करून होल्डरला टेस्टर लावून दाखवावा. गुण त्यानंतर द्यावेत.

तारेचे बंडल ९० मीटरचे येते. जिन्याच्या दिव्याच्या जोडणीला एका मुलाला तीन मीटर धरली तरी ३० मुलांत ते संपते. तीच तार पुढच्या वर्षी वापरायची म्हटले तर दर वेळी टोके कापून ती आखूड होत जाते, आणि मग सर फळ्यावर आकृती काढून 'असे जोडायचे' म्हणून सांगतात. म्हणूनच पालकांनी एक गोष्ट मागावी. शाळेत दोन नोंदवह्या असतात. जडसंग्रह नोंदवहीत मशीन, ड्रिल, व्हाइस यांची नोंद असते आणि ती पाहुण्यांना हौसेने दाखवली जाते. तुम्ही कच्च्या मालाच्या खर्चाची नोंदवही मागा. तार, सुया, दोरा, वेल्डिंगचे रॉड, हॅक्सॉची पाती यांची शेवटची खरेदी कधीची, आणि कुठल्या तारखेला किती खर्ची पडले, हे त्यात दिसते. दोन वर्षांत एकही पाते खर्ची पडले नसेल तर तिथे कुणी लोखंड कापलेले नाही.

विणकामाच्या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे. चालू मागावर शाळकरी मुलाला उभे करू नये. पट्टा, गिअर, वेगाने धावणारा धोटा यांच्यापाशी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे काम नाही, आणि अठराखालच्यांना धोकादायक कामावर ठेवायला कायद्यानेही बंदी आहे. पण भौगोलिक मानांकन मिळालेली चादर आणि टॉवेल ज्या शहरात विणले जातात, तिथल्या मुलाला कापडाची तपासणी यायलाच हवी, आणि तिला फारसे काही लागत नाही. पिक ग्लास (धागे मोजायचे भिंग) ठेवून एका इंचात ताण्याचे (उभे) आणि बाण्याचे (आडवे) किती धागे आहेत ते मोजायचे. टॉवेलचा १० सेंमी बाय १० सेंमी तुकडा कापून ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन करायचे आणि १०० ने गुणायचे. साडेचार ग्रॅम भरला तर कापड ४५० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅमचे. काठाजवळचा तुकडा घेतला तर आकडा चुकतो, कारण तिथे टॉवेलचे फासे नसतात. कापडावर ५० सेंमीची खूण करून धुवायचे, वाळवायचे आणि पुन्हा मोजायचे. ४७ भरले तर सहा टक्के आटले. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग उतरतो का ते बघायचे. व्यापारी माल परत पाठवतात तो याच कारणांनी, आणि कारखान्यांना हे तपासणारी माणसे लागतात.

सांगोला, मंगळवेढ्याकडच्या शाळांनी शेतीचा विषय घेतला असेल तर ठिबक शिकवावे. ताशी चार लिटरच्या ड्रिपरखाली मापी पेला धरला तर मिनिटाला सुमारे ६७ मिली पाणी यायला हवे. लॅटरलच्या, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळीच्या, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजायचे. शेवटीच कमी येत असेल तर दाब किंवा साचलेला गाळ, टोक उघडून नळी धुऊन काढावी. मधलेच काही ड्रिपर कमी देत असतील तर क्षाराने तोंड बुजले आहे. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबमापकांत अर्ध्या किलोचा (चौरस सेंटिमीटरला) फरक दिसला की फिल्टर धुवायचा. आम्लाची प्रक्रिया मात्र मुलांच्या हाती देऊ नये.

शिकवणाऱ्यांबद्दल एकच. हे प्रशिक्षक बहुधा बाहेरच्या संस्थेमार्फत कंत्राटावर येतात. नेमणूक लांबली की पहिले सत्र पुस्तकावर निघून जाते आणि प्रात्यक्षिके जानेवारीत कोंबली जातात. शाळा उघडताना प्रशिक्षक वर्गावर असेल, हे शिक्षण विभागाने बघावे.

आणि शहरातल्या कारखानदारांना एक विनंती. गणवेशाच्या कारखान्यात निघणारे कात्रण किलोवर विकले जाते. त्यातले वीत-दीड वीत रुंदीचे तुकडे वेगळे काढून जवळच्या शाळेला महिन्याला दहा किलो दिले तर तिथल्या तुकडीचा टिपांचा सराव भागतो. रिवाइंडिंगवाल्यांनी जळालेली छोटी मोटर द्यावी, मुलांना ती उघडून गुंडाळ्या मोजता येतील. टॉवेलवाल्यांनी नापास मालातले चार-सहा नग, प्रत्येकावर तो का नापास झाला त्याची चिठ्ठी टाचून द्यावेत. शाळेने हे सगळे खर्चाच्या नोंदवहीत चढवावे, म्हणजे पुढच्या जूनमध्ये पालकांना दाखवता येईल.

आपले,
काही निवृत्त शिल्प निदेशक व कार्यानुभव शिक्षक,
सोलापूर