ऑपरेशनआधी तुला सगळं कळावं म्हणून

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर ‘डोक्यात गाठ’ एवढंच ऐकलंस आणि पुढे तुला बोलवेना. म्हणून सविस्तर लिहितेय.

माझ्या आजाराचं नाव अ‍ॅक्रोमेगाली. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्यात गाठ झालीय. कॅन्सरची नाही. पण ती वाढीचं हार्मोन भरमसाट सोडते, त्यामुळे यकृतात आयजीएफ-1 नावाचं, वाढ घडवणारं दुसरं द्रव्य जास्त तयार होतं आणि हाडं, कातडी, जीभ, अगदी हृदयसुद्धा वाढायला लागतं. लहानपणी झालं तर माणूस अतोनात उंच होतो. मोठेपणी उंची तीच राहते, हातपाय आणि जबडा तेवढे रुंदावतात. तुम्ही पोरं टीव्हीवर बघायचात तो खली, त्याच्याही पिट्युटरीच्या गाठीचं ऑपरेशन 2012 साली झालं.

हे इतकं हळू होतं की रोज बघणाऱ्याला कळत नाही. जोडवी रुतली, सोनाराकडून कापून घ्यावी लागली, तेव्हा सगळे म्हणाले वजन वाढलंय. घाम, घोरणं, रात्री बोटांना मुंग्या, मग शुगर. प्रत्येकाचं औषध वेगळं चाललेलं. शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी खालच्या दातांतल्या फटी बघून विचारलं, “या आधीपासून होत्या का?” त्यांचे उपकार विसरणार नाही. त्यांनी ज्यांच्याकडे पाठवलं त्या हार्मोनच्या डॉक्टरांनी आधी जुने फोटो मागितले. तुझ्या मुंजीतला नेला. ते एकदा फोटोकडे बघत, एकदा माझ्याकडे. रक्तात आयजीएफ-1 वाढलेलं निघालं. मग 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून थोड्या थोड्या वेळाने रक्त घेतलं. एरवी साखर पोटात गेली की रक्तातलं वाढीचं हार्मोन उतरतं, माझं उतरलं नाही. एमआरआयमध्ये गाठ दिसली.

ऑपरेशन नाकातून, दुर्बिणीने करतात. कवटी उघडत नाहीत. गाठ सेंटिमीटरहून मोठी आहे, थोडी राहूही शकते. राहिली तर महिन्याचं इंजेक्शन किंवा गोळ्या, नाहीतर रेडिएशन. सूज उतरेल, घोरणंही कमी होईल. जबड्याचं हाड मात्र मागे जाणार नाही, चेहरा बराचसा असाच राहील. त्याचं मला वाईट वाटतं, तुझ्यापासून काय लपवायचं? पण उपचार टाळले तर हृदयावर बेततं, आणि हार्मोन ताब्यात आलं की आयुष्य इतरांसारखंच असतं.

हा आजार सहसा आईकडून मुलाकडे येत नाही, तेव्हा ती धास्ती घेऊ नकोस. पेपर संपल्यावरच ये. बाबांना मात्र रोज रात्री फोन कर. माझ्यासमोर ते काही बोलत नाहीत, तुझ्याशी बोलतील.

तुझी,
आई