कामाचा व्हिसा आणि सुवार्तेचे काम

चि. रूथ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आखातातल्या रुग्णालयात नर्स म्हणून जायचे आणि तिथे एका मिशनरी संस्थेसाठी गुपचूप सुवार्ताप्रसार करायचा, हा तुझा बेत कळला. नागपुरातल्या सदर भागातल्या कॅथेड्रलमध्ये तुझा बाप्तिस्मा झाला. तुझ्या ओढीविषयी मला आदरच आहे. माझा आक्षेप आहे तो व्हिसाच्या अर्जावरच्या तुझ्या सहीला.

येण्याचे कारण ‘नोकरी’ असे लिहून मनात दुसरेच काम धरणे म्हणजे यजमानाच्या उंबरठ्यावरच खोटे बोलणे होय. संस्थेचे लोक तंबू शिवून पोट भरणाऱ्या, बायबलमधल्या प्रेषित पौलाचा दाखला देतात. परंतु करिंथ शहरात तो दर शब्बाथी यहुद्यांच्या सभास्थानात उघडपणे बोलत होता, आपण कोण हे लपवत नव्हता. मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये कंपनी सरकारच्या परवान्याविना बंगालात उतरले आणि पुढे निळीच्या कारखान्याचे व्यवस्थापक झाले, हे खरे. १८०५ मध्ये त्यांनी मराठीचे व्याकरण छापले, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. तरीही ती वाट मी तुला सुचवणार नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये भोसल्यांच्या नागपुरात आले ते मिशनरी म्हणूनच, त्यामुळे ज्यांना विरोध करायचा होता त्यांना तो समोरासमोर करता आला.

नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात, धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी शिफारस केली. ती मला मान्य नाही. पण दवाखाना हे केवळ निमित्त आहे असा संशय एकदा रुजला, की पुढे येणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक नर्सला तो भोवतो.

रुग्णाचा विचार कर. हाताला सलाईन लावलेला, पाण्याच्या घोटासाठीही तुझ्यावर अवलंबून असलेला माणूस तुझे बोलणे नको असले तरी उठून जाऊ शकत नाही. शिवाय बिंग फुटलेच, तर तुला विमानात बसवून परत पाठवतील. तुझ्याशी बोललेल्या स्थानिक माणसाला मात्र तिथेच राहायचे आहे, आणि तुझ्या वॉर्डातल्या केरळच्या मुलींवरही नजर राहील.

नर्सचेच काम करायचे असेल तर अवश्य जा. कुणी आपणहून तुझ्या श्रद्धेविषयी विचारले, तर तिथला कायदा जाणून घेऊन खरे ते सांग. मात्र संस्थेचे पैसे घेऊ नकोस आणि तिला अहवाल पाठवू नकोस. पगार एकाचा आणि काम दुसऱ्याचे, असे होता कामा नये. त्यांना होकार कळवण्याआधी पाळकसाहेबांशी बोल. रविवारी उपासनेनंतर मी त्यांची वेळ मागून ठेवतो.

तुझे,
बाबा