पावसाआधी गाडीबद्दल थोडं

ऐरोली, ३० मे

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाऊस तोंडावर आलाय, म्हणून तुमच्या नव्या गाडीबद्दल फोनवर अर्धवट राहिलेलं नीट लिहून पाठवतेय. बाबा, तुमचा हात प्रीमियर पद्मिनीवर बसलेला. आई, तुझा जुन्या मारुती ८०० वर. दोन्ही कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या गाड्या, कधी रुसतील याचा नेम नसायचा. त्यामुळे तुमचे कान आणि नाक सतत जागे असतात. ते तसेच राहू द्या. पायांच्या काही सवयी मात्र नव्या गाडीत मोडाव्या लागतील.

बाबा, तुम्ही अजून चावी फिरवण्याआधी ॲक्सिलरेटर दोन-तीनदा दाबता. कार्ब्युरेटरमध्ये प्रत्येक दाबासरशी पेट्रोलची पिचकारी आत जायची, म्हणून थंड इंजिन पकडायचं. आता किती पेट्रोल सोडायचं ते कॉम्प्युटर इंजिनाचं तापमान बघून ठरवतो, तेव्हा पाय बाजूलाच ठेवा. चावी ‘ऑन’वर आणून दोन सेकंद थांबा, मागून पंपाची बारीक घरघर ऐकू येईल, मग स्टार्टर मारा. उभ्या गाडीवर पाच मिनिटं इंजिन तापवू नका. अर्धा मिनिट पुरे. पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवा.

हा पंप आता पेट्रोलच्या टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. पद्मिनीचा पंप इंजिनाला चिकटून असायचा, उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ व्हायची आणि त्यावर ओलं फडकं टाकावं लागायचं. ते फडकं गेलं, पण रिझर्व्हवर फिरायची सवयही जाऊ द्या. टाकीचा पाव हिस्सा तरी भरलेला असावा.

उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवायचं गणित आता उलटं झालंय. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळ्या, पेट्रोल तोडतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. शिवाय गिअर गाडीला ओढून धरतो आणि ब्रेक तापत नाहीत. घोडबंदर रोडवर गायमुखचा उतार छोटा आहे, पण बोरघाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवरच या. इंजिन बंद करून तर कधीच नको. ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो, पेडल दगडासारखं घट्ट होतं आणि स्टिअरिंगही जड होतं.

आई, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबत-सोडत मारायचं तुझं तंत्र ८०० साठी अगदी बरोबर होतं, नाहीतर चाकं जाम होऊन गाडी घसरली असती. आता तेच काम एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा करते, तुझ्या पायापेक्षा कितीतरी भराभर. तू मध्ये पाय उचललास तर गाडी थांबायला जास्त अंतर लागेल. क्लच आणि ब्रेक पूर्ण दाब, धरून ठेव आणि स्टिअरिंग वळवून बाजू काढ. पायाखाली पेडल थरथरेल, करकर आवाज येईल. बिघाड समजून पाय काढू नकोस.

सगळ्यात जास्त काळजी मला पाण्याची वाटते. ठाण्यात वंदना टॉकीजपाशी पाणी भरतं हे तुम्हाला सांगायला नको. पूर्वी गाडी पाण्यात बंद पडली की बॉनेट उघडून प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी आतून पुसायची, प्लगच्या वायरी कोरड्या करायच्या आणि पुन्हा स्टार्टर मारायचा. नव्या गाडीत तो स्टार्टर मारू नका! एअर फिल्टरवाटे पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल, तर हवेसारखं ते दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. चावी बंद करा, उतरा, गाडी ढकलून कोरड्यात घ्या आणि टोइंगवाल्याला बोलवा.

त्याहून चांगलं म्हणजे आत शिरूच नका. पुढच्या रिक्षाचं चाक अर्ध्याच्या वर बुडालेलं दिसलं की गाडी वळवा. थोड्या पाण्यातून जावंच लागलं तर पहिला गिअर, एकसारखा वेग, मध्ये गिअर बदलणं नाही, आणि पुढची गाडी बाहेर पडल्यावरच आपली घाला. बाहेर आल्यावर हलके ब्रेक मारून ते सुकवायची तुमची सवय आजही शंभर टक्के बरोबर आहे.

बाबा, तुम्ही टेम्परेचरचा काटा शोधत होतात. या गाडीत तो नाहीच, थंड असताना निळा आणि फार तापल्यावर लाल दिवा लागतो. लाल दिवा उशिरा लागतो, म्हणून गोडसर वास आला तरी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गळतंय असं समजा. लाल लागलाच तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि अर्धा-पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. नळाचं पाणी फक्त अडचणीपुरतं, नंतर गॅरेजमध्ये कूलंट बदलून घ्या.

आणि गाडी चार-पाच दिवस सोसायटीत उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. पावसाच्या दमट हवेत मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. पहिला गिअर टाका आणि चाकाखाली तुमचा तो दगड लावा. तो दगड जुन्या गाडीबरोबर भंगारात गेला नाही ना, तेवढं बघा.

तुमची,
लेक