"मला मुलं आवडतात" एवढ्यावर ही नोकरी होत नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत करिअरच्या पानावर लहान मुलं आणि त्यांच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थांमधल्या नोकऱ्यांवर लेख आला होता. विषय घेतलात हे फार बरं केलंत, नाहीतर करिअर म्हटलं की फिरून फिरून कोडिंग आणि एमबीएच. पण खरं सांगू का, राग मानू नका, लिहिणाऱ्याने संस्थांचं माहितीपत्रक वाचलेलं दिसतंय, काम बघितलेलं नाहीये. मी अशाच एका संस्थेत १६ वर्षं आहे, पहिली ९ वर्षं घरोघरी जायचे आणि आता नवीन लोकांची भरती नि ट्रेनिंग बघते, म्हणून म्हटलं चार ओळी लिहाव्यात. चारच्या जरा जास्त झाल्यात.

लेखात लिहिलंय की 'मुलांची आवड असेल तर हे क्षेत्र तुमच्यासाठीच आहे.' इंटरव्ह्यूला येणारे बहुतेक सगळे अगदी हेच वाक्य म्हणतात, मला लहान मुलं खूप आवडतात. आवडावीतच, न आवडणाऱ्याने इकडे फिरकूच नये. पण आठवड्यात तास असतात १६८, आमच्या कामात त्यातला एक तास आपण मुलाच्या घरी जाऊन बसतो, उरलेले १६७ तास ते मूल आईजवळ, आजीजवळ, नाहीतर कामावरून उशिरा येणाऱ्या बापाजवळ असतं. म्हणजे आपलं खरं काम मोठ्या माणसांशी आहे, आणि मोठी माणसं मुलांइतकी गोड नसतात हो.

माझाच पहिला महिना सांगते. एका घरी दीड वर्षाचं बाळ होतं, मी डबे-झाकणं घेऊन त्याच्याशी असा काही खेळ मांडला की ते खिदळायला लागलं, मी एकदम खूश, बाहेर पडले तेव्हा जग जिंकल्यासारखं वाटत होतं. बरोबर आलेल्या सिनियर ताईंनी फक्त एवढंच विचारलं, "आणि आई काय करत होती गं?" आई कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होती. मी तासभर तिला दाखवत बसले होते की बघ, तुझं मूल माझ्याशी किती छान खेळतं. पुढच्या वेळी ताई म्हणाल्या, झाकण आईच्या हातात दे आणि तू गप्प बस. गप्प बसायला शिकायला मला दोन वर्षं लागली, तुमच्या लेखात त्या स्किलचं नाव कुठेच नाहीये.

आणि हे काही मी मनचं सांगत नाही. जमैकात किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर एक अभ्यास सुरू झाला, मुलं ९ ते २४ महिन्यांची होती. त्यातल्या काहींच्या घरी वस्तीपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या दोन वर्षं आठवड्याला एक तास जायच्या, घरातल्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी करून आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायच्या. २० वर्षांनी बघितलं तर ज्यांच्या घरी या बायका गेल्या त्या मुलांची कमाई, न गेलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. म्हणजे डिग्री नसली तरी चालतं का? तर तसंही नाही. अमेरिकेत डेन्व्हरला गर्भवती बायकांच्या घरी एका गटात नर्स पाठवल्या आणि दुसऱ्या गटात थोडंफार ट्रेनिंग दिलेले साधे कार्यकर्ते, तिथे नर्सचा परिणाम जास्त दिसला. कुठल्या कामाला कोण लागतं हे काम काय आहे त्यावर ठरतं, म्हणून लेखातल्यासारखं 'पात्रता: कुठलीही पदवी' असं एका ओळीत उडवून लावू नये असं मला वाटतं. बोलायला उशीर होणाऱ्या मुलासाठी स्पीच थेरपिस्टच लागतो, तिथे माझी १६ वर्षं काही कामाची नाहीत.

तो डेन्व्हरचा प्रयोग करणारे डेव्हिड ओल्ड्स, त्यांची गोष्ट तर करिअर शोधणाऱ्या मुलांना सांगायलाच हवी. ते सुरुवातीला बाल्टिमोरच्या एका पाळणाघरात लहान मुलांना सांभाळायचे. तिथे त्यांच्या लक्षात आलं की काही मुलांच्या बाबतीत आपण भेटतोय तोवरच उशीर झालाय, आधी जायला हवं होतं, अगदी आईच्या पोटात असताना. त्यातून १९७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावात नर्सनी घरी जाण्याचा पहिला प्रयोग उभा राहिला. म्हणजे पहिली नोकरी हीच शेवटची असं नसतं, ती करता करता खरा प्रश्न कुठला ते कळतं.

आता दुसरी गोष्ट जी लेखात अजिबातच नव्हती. अशा संस्थांमध्ये मुलांना हातही न लावणारी कितीतरी माणसं असतात. हिशेब बघणारे, डेटा बघणारे, देणगीदारांना प्रपोजल लिहिणारे, ट्रेनिंगचं साहित्य तयार करणारे, गाड्या आणि भेटींचं वेळापत्रक लावणारे. चांगला अकाउंटंट मिळणं हे चांगली शिक्षिका मिळण्यापेक्षा अवघड झालंय, कारण देणगी ज्या कामासाठी आली त्याच कामावर खर्च झाली हे दर तिमाहीला पै-पैशासकट दाखवावं लागतं, ते चुकलं तर पुढचा हप्ता अडकतो आणि मग शंभर घरांच्या भेटी बंद. पण कॉमर्सच्या मुलांना कोणी सांगतच नाही की इथे तुमचीही जागा आहे.

पगाराबद्दल 'समाधान हाच मोबदला' असं वाक्य टाकलंय, ते वाचून आमच्या ऑफिसात सगळे हसले. समाधानावर घरभाडं भरता येत नाही. पगार कमी असतो हे बऱ्याच ठिकाणी खरं आहे, पण त्याचं कारण त्याग वगैरे नाही, बरेच देणगीदार कार्यक्रमाला पैसे देतात आणि माणसांच्या पगाराला 'वरखर्च' म्हणतात हे आहे. वर नोकरी प्रोजेक्टला बांधलेली, दोन-तीन वर्षांचं फंडिंग संपलं की बऱ्याचदा तीही संपते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मीच सांगते की तुम्हीही आमचा इंटरव्ह्यू घ्या. हे पद कुठल्या प्रोजेक्टचं, पैसे कधीपर्यंत आहेत, एका माणसाकडे किती कुटुंबं असतात, सुपरवायझर भेटून बोलतो की फक्त फॉर्म तपासतो, आधीची व्यक्ती का सोडून गेली. शेवटच्या प्रश्नावर समोरचा चुळबुळ करायला लागला तर समजून घ्या.

सुपरवायझरचं मुद्दाम म्हटलं. आज एका घरी बाळ पहिल्यांदा उभं राहिलेलं बघायचं आणि लगेच पुढच्या घरी बाईच्या हातावर वळ बघायचे, आणि संध्याकाळी आपल्या घरी जाऊन आपल्या मुलांचा अभ्यास घ्यायचा, हे सगळं कोणाशी बोलल्याशिवाय वर्षानुवर्षं होत नाही. माझ्या बरोबरीने लागलेल्या दोघी अशाच सोडून गेल्या, कामात माझ्यापेक्षा हुशार होत्या, पण ऐकायला कोणी नव्हतं.

ज्यांना आधी चाखून बघायचंय त्यांनी व्हॉलंटियर म्हणून सुरुवात करावी, त्यात कमीपणा नाही. ब्रिटनमधली होम-स्टार्ट ही संस्था १९७३ मध्ये लेस्टरला मार्गारेट हॅरिसन यांनी सुरू केली ती व्हॉलंटियरच्याच जिवावर, लहान मुलं असलेल्या घरात दुसऱ्या आईबापांनी जाऊन मदत करायची. पण आठवड्याला दोन तास देईन म्हटलं की द्यायचे. सहा आठवडे जाऊन मग गायब होणारा व्हॉलंटियर हा न येणाऱ्यापेक्षा वाईट, मूल दाराकडे बघत बसतं.

आणि एक राहिलं. चांगल्या संस्थेत रुजू होताना आधीच्या कामाच्या ठिकाणी चौकशी होते, बालसुरक्षेचे नियम वाचून सही करावी लागते, मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही, पालकांना विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. काहींना हा अपमान वाटतो. जिथे यातलं काहीच विचारत नाहीत तिथे जाऊ नका, एवढं मी नवीन मुलांना सांगेन. त्यावरून आठवलं, लेखाबरोबर पाच-सहा चिमुरड्यांचे चेहरे स्पष्ट दिसणारा मोठा फोटो छापलाय तुम्ही. त्यांच्या आईवडिलांना विचारलं होतंत का? विचारलं असेल तर उत्तमच, नसेल तर पुढच्या वेळी त्या जागी आमच्या अकाउंटंटचा छापा, तो कधीचा तयार आहे.

आपली,
एक जुनी वाचक