भुतांचं दुकान बरं चाललंय

सोलापूर,
७ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही. मग आई फोन घेते, माझं म्हणणं तिच्या शब्दांत तुम्हाला सांगते, आणि मी न बोललेलं बरंच काही तुमच्यापर्यंत पोचतं. परवा मी "बघते" म्हणाले, त्याचं तिकडं पुण्यात "येते म्हणाली" झालं आणि दादानं साहेबांना शब्दही देऊन टाकला. म्हणून आता कागदावर लिहिते. आई, तू वाचून दाखव, पण गाळू नकोस आणि पदरचं घालू नकोस.

पुण्याची नोकरी मी घेत नाही. दादानं धडपड केली, त्याचं मला कौतुकच आहे. पगार चांगला, एसी, दुपारचं जेवण तिथंच, हे सगळं कळलं. पण दिवसभर गुंतवणुकीच्या योजनांची वर्णनं लिहायची आणि रात्री दमून आल्यावर माझ्या भूतकथांना भूत कुठून आणायचं? (त्या योजना वाचूनही अंगावर काटा येतो, ते सोडा.)

आईचा प्रश्न ठरलेला असतो, "मग खातेस काय?" तर जसं आहे तसं सांगते. आमच्या धंद्यात जानेवारी ओढाताणीचा. दिवाळी अंकांना एकतरी भूतकथा लागतेच, फराळाच्या ताटात शेव लागते तशी. मागणी येते जून-जुलैत आणि मानधन आलं तर संक्रांतीच्या आसपास येतं. यंदा काहींचं आलं. एक संपादक मात्र दिवाळीनंतर फोन उचलायचे बंद झालेत. ऑडिओवाल्यांनी माझ्या तीन कथा घेतल्यात, पैसे मार्चनंतर.

या महिन्याचं भाडं निवडणुकीनं भरलं. जवळजवळ नऊ वर्षांनी महापालिकेची निवडणूक लागलीय, १५ तारखेला मतदान. आपल्या प्रभागातल्या उमेदवारांची पत्रकं मी लिहून दिली, मुद्रितंही तपासली. दोघं एकमेकांविरुद्ध उभे आहेत आणि दोघांनाही मीच 'हाकेला धावणारा' केलंय. त्यातला एक गेल्या पावसाळ्यात आपल्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं तेव्हा कुठं होता ते तुम्हाला माहीतच आहे. पण पैसे रोख दिले आणि आधी दिले. भूतकथेला इतकं तत्पर गिऱ्हाईक अजून मिळालेलं नाही.

याच निवडणुकीनं माझं नवं पुस्तक अडकवून ठेवलंय. छापखान्यात पाय ठेवायला जागा नाही, जिकडं बघावं तिकडं हात जोडलेले फोटो. छापखान्याचे काका म्हणाले, "अक्का, भूत पंधरा तारखेपर्यंत थांबंल, उमेदवार थांबत नाही." खरं आहे. ५०० प्रती काढणार आहे, दहा फर्म्यांचं, म्हणजे १६० पानांचं पुस्तक. गेल्या सप्टेंबरात जीएसटी बदलला, तेव्हा पुस्तकावर कर नाही तो नाहीच राहिला, पण कागदावरचा १२ टक्क्यांचा १८ झाला. मग २०० रुपयांचं पुस्तक २२० ला विकावं लागणार. दुकानात ठेवलं तर चाळीस टक्के तिथंच कापले जातात, म्हणून मी स्वतः टपालानं पाठवते.

बाबा, टपालाचं तुम्हाला आवडेल. मे महिन्यापासून 'ज्ञान पोस्ट' म्हणून सोय सुरू झालीय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००, वर कर. जमिनीवरून जातं, त्यामुळं सावकाश पोचतं, पण माझ्या वाचकांना घाई नसते. आईचा स्वयंपाकघरातला वजनकाटा आता माझ्या टेबलावर असतो. पुस्तक, पुठ्ठा, वरून खाकी कागद, चिकटपट्टी, सगळं मिळून सव्वादोनशेच्या आत बसवते. पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीतल्या बाईंनी मुखपृष्ठावरचं विहिरीतून आलेला हात बघितला आणि चष्म्यावरून माझ्याकडं. "हे ज्ञानात बसतंय का?" मी म्हटलं, "वाचून बघा." त्यांनी आतलं प्रकाशकाचं नाव तपासलं, शिक्का मारला. पुढच्या वेळी स्वतःसाठी एक प्रत घेतली, सवलत मागून.

आणि हो, १ ते ४ जानेवारीला साताऱ्यात ९९वं साहित्य संमेलन झालं, तिथं मी गेले होते. आधी कळवलं असतं तर आईनं एसटीच्या प्रत्येक थांब्यावर फोन केला असता. गाळा घ्यायची आपली ऐपत नाही. कोल्हापूरकडच्या एका ओळखीच्या प्रकाशक ताईंनी त्यांच्या टेबलाचा कोपरा दिला. गर्दी चिक्कार. माणसं पुस्तक हातात घेतात, मागचा मजकूर वाचतात आणि विचारतात, "कोकणातलं आहे का?" भूत म्हटलं की आपल्या लोकांना कोकण लागतं. माड, धुकं, कौलारू घर, ओढ्यावरचा साकव. तिथं भुतांची सगळी सोय आहे. सोलापुरात भूत असतं हे त्यांना पटतच नाही.

आपल्याकडं धुकं नाही, पण मेची दुपार आहे. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, नव्या पेठेतली शटरं अर्धी खाली, कुत्री गाड्यांखाली आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. आई, बाराच्या ठोक्याला तू आम्हाला चिंचेखाली खेळू द्यायची नाहीस, आठवतं? तिन्हीसांजेपेक्षा तुला ती वेळ वाईट वाटायची. माझी सगळ्यात जास्त वाचली गेलेली कथा त्या बारा वाजताचीच आहे. एक बाई दारात येऊन पाणी मागते, घटाघटा पिते, तांब्या परत देते, आणि तांब्या भरलेलाच असतो. बस, एवढंच. साताऱ्यात एक निवृत्त मास्तर मुद्दाम शोधत आले आणि म्हणाले, "तुमच्यामुळं दुपारी दाराशी कोण आलं की मी आधी तांब्याकडं बघतो." त्या वाक्यावर माझं जायचं-यायचं भाडं फिटलं.

दुसरी एक कथा सोलापूरच्या पूर्व भागात मिळाली. तिथल्या एका वाचक बाईंकडं पुस्तक द्यायला गेले होते. तेलुगू घर, वर राहतात, खाली टॉवेलचे माग. खडखडाट असा की मला माझंच बोलणं ऐकू येईना, आणि तिथंच पाळण्यात त्यांचं चार महिन्यांचं बाळ गाढ झोपलेलं. बोलता बोलता वीज गेली. माग एकदम थांबले. आणि बाळ दचकून उठलं, टाहो फोडला. आजी हसून म्हणाली, "आवाज बंद झाला की उठतंय बघा, असंच करलालंय रोज." मी चहा तसाच ठेवून ते टिपून घेतलं. सिनेमावाले घाबरवायचं म्हटलं की ढोल बडवतात. मी त्या दिवसापासून कथेत एखादा नेहमीचा आवाज चालू ठेवते, वाचकाला त्याची सवय लावते आणि मग तो काढून घेते.

कशावर लिहायचं याचे सल्ले मात्र फुकट आणि भरपूर मिळतात. साताऱ्यातच एक गृहस्थ म्हणाले, "तुमच्या सोलापुरात १९३० ला मार्शल लॉ होता, चौघांना फाशी दिलं. त्यांच्यावर एक दणदणीत भयकथा येऊ द्या, खपेल." मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन. त्यांच्या फाशीच्या दिवशी, १२ जानेवारीला, शाळेतून रांगेनं आम्हाला चार पुतळ्यांकडं न्यायचे, तुम्ही तर कामावर जातानाही तिथं चप्पल काढून थांबायचात. त्यांना मी अंधाऱ्या खोलीत साखळ्या वाजवत फिरवू? खपत असेल तरी नको.

आई, सिद्धेश्वराच्या यात्रेत देवाच्या योगदंडाशी जिचं लग्न लावतात त्या कुंभारकन्येचंही तसंच. होमाच्या वेळी तिच्या प्रतिमेला साडीचोळी नेसवून अग्नी देतात, ते मी पहिल्यांदा तुझ्या कडेवरून पाहिलं होतं आणि त्या रात्री तुला सोडलं नव्हतं. भीती म्हणजे काय ते मला तिथंच कळलं असणार. तरी ती देवाची आणि गावाची गोष्ट, तिला मी हात लावणार नाही, तू काळजी करू नकोस. भाकणुकीचं वासरू मात्र घेतलंय, गाव आणि देव दोन्ही बदलून. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू, पुढं धान्य, गूळ, बोरं. ते कशाला तोंड लावतं, बिथरतं का, यावरून वर्षाचं भाकीत. माझ्या कथेतलं वासरू कशालाच तोंड लावत नाही. गर्दीतल्या एकाच माणसाकडं एकटक बघत राहतं, आणि हळूहळू गर्दी त्या माणसापासून लांब सरकायला लागते. शेवट जमलाय असं मला वाटतं.

आता बाबा, तुमच्याकडं काम आहे, आणि खरं तर पत्र त्याचसाठी आहे.

लोडशेडिंग होतं त्या काळात गच्चीवर तुम्ही गिरणीतल्या तिसऱ्या पाळीची गोष्ट सुरू केली होती. साचाखात्यात, मागांवर, तुमच्या शेजारचा माणूस कामावर असताना गेला. त्याच्यानंतर त्याच्या साच्यावर कुणी बदलीवाला टिकेना. आणि एका पहाटे मुकादम जॉबरनं कापड मोजलं तर बंद साच्यावर... इथं आई म्हणाली, "पोरांसमोर काय सांगलालाव," आणि तुम्ही उठून पाणी प्यायला गेलात. इतकी वर्षं माझ्याकडं ती गोष्ट त्या जागीच अडकून पडलीय. पुढचं मी रचू शकते, तोच तर माझा धंदा आहे. पण तो माणूस खरा होता. त्याची बायको नंतर पाटी घेऊन भाजी विकायची. आई तिच्याकडून मेथी घ्यायची आणि घासाघीस करायची नाही, एवढं मला आठवतं. तेव्हा तुम्हाला विचारल्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही. त्यांची मुलं कुठं असतात ते तुम्हाला ठाऊक असेल तर त्यांनाही जाऊन विचारीन.

तुम्ही म्हणाल, गिरणीच गेली, आता त्या गोष्टी कशाला. पण गिरणीचं मला जे आठवतं ते सगळं घरातलंच आहे. तुम्ही सकाळी यायचात तेव्हा भुवयांवर कापूस असायचा, तो मी चिमटीनं काढायचे आणि तुम्ही डोळे मिटून बसायचात. अंगाला खळीचा वास. आत काय होतं, दिवे कसे होते, दोन साच्यांमधून माणूस कसा वळायचा, इतक्या आवाजात तुम्ही एकमेकांशी बोलायचात कसं, हे मला काहीच माहीत नाही. जेवढं आठवेल तेवढं लिहा. अक्षर कसंही आलं तरी चालेल. हात थरथरत असेल तर दादाच्या फोनमध्ये बोलून ठेवा, मी उतरवून घेईन. आणि नाही म्हणालात तर नाही, दुसरी कथा तयार आहे. पण 'बघू' म्हणू नका, आपल्या घरात त्याचा अर्थ काय होतो ते वर लिहिलंच आहे.

आई, यात्रेला येते म्हणतेस, तर यंदा राहू दे. गर्दीची यात्रा, त्यातच निवडणूक, आणि तुझे गुडघे. भोगीला देवाच्या लग्नाला मी सम्मती कट्ट्यावर जाणार आहे, तुझ्या वाटच्या अक्षताही टाकीन. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसणार नाही, शब्द देते. शेजारचा मुलगा रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर शेंगाचटणी, कडक भाकऱ्या आणि भोगीच्या भाजीसाठी ओले हरभरे, पावटे पाठवते. तिकडचे हरभरे तुला पांचट लागतात ना. बाबांची लोकरीची टोपीही त्यातच आहे, ती मळकी समजून धुवायला टाकू नका, गरम पाण्यानं आटते.

दादाला माझ्या वतीनं नीट सांगा. दिवाळीपर्यंत दुकान चाललं नाही तर मीच त्याला फोन करीन, आणि तेव्हा त्यानं 'मी म्हणालो होतो' म्हणायचं नाही, एवढीच अट.

तो मुलगा मंगळवारी परततोय, त्याच्याकडंच उत्तर द्या. बाकी काही लिहायला जमलं नाही तरी तिसऱ्या पाळीचा भोंगा किती वाजता व्हायचा तेवढं नक्की कळवा. मला साडेअकरा वाटतंय. आई म्हणते बारा, पण तेव्हा ती झोपलेली असायची.

दादा-वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुमची,
धाकटी